जामीनकीची सही, उधारी आणि दशांश: नीतिसूत्रांप्रमाणे घरचा हिशेब

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक पैशाबद्दल बोलतं तेव्हा हेच निरनिराळ्या तऱ्हेने सांगतं. तिथला माणूस लोभी असतो, आळशी असतो, पण पुष्कळदा तो नुसता भिडस्त असतो. शेजाऱ्याच्या शब्दाखातर हातावर हात मारतो, म्हणजे जामीन राहतो, आणि मग अंथरूणही गमावून बसतो.

बहुतेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) पैशाची शिकवण दशांशापासून, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्यापासून, सुरू होते. इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी देणी, मग जामीनकी, मग दान. ज्याला आपण किती देणं लागतो हेच ठाऊक नाही, त्याला आपलं स्वतःचं म्हणून काय अर्पण करायचं हेही नीट ठरवता येत नाही.

एक वही, एक संध्याकाळ

"आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे" असं नीतिसूत्रे २७:२३ सांगतं. आजचा कळप म्हणजे पगार, शेतीचं उत्पन्न, दुकानाचा गल्ला आणि त्यांच्यावर बसलेली देणी. पगार झाल्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी नवराबायकोने दोघांनी मिळून बसावं. एकट्याने केलेली यादी हमखास अपुरी राहते, कारण घरातली निम्मी उधारी एकाला माहीत असते आणि निम्मी दुसऱ्याला.

प्रत्येक देण्यापुढे सहा गोष्टी लिहा: कोणाचं, मुद्दल किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, तारीख कोणती, आणि तारण किंवा जामीनदार कोण. बँकेचं आणि पतसंस्थेचं कर्ज सगळेच लिहितात. राहून जातात ती अशी: किराणा दुकानाची वही, बहिणीकडून घेतलेले उसने पैसे, मोबाइलचा हप्ता, ॲपवरून घेतलेलं कर्ज, पगारदार सोसायटीची पगारातूनच कापली जाणारी रक्कम (ती हातात येतच नाही म्हणून कर्ज वाटत नाही), कामवाल्या बाईंचा थकलेला पगार. भिशी आधीच उचलली असेल तर उरलेले हप्ते हेही कर्जच. मंडळीत कापणीच्या सणाला लिलावात बोली लावून "पुढच्या महिन्यात देतो" म्हटलेली रक्कमसुद्धा याच यादीत येते.

मग सगळी व्याजं एकाच मापात आणा. सावकार "शेकडा तीन" म्हणतो तेव्हा तो महिन्याचं बोलत असतो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ₹५०,००० वर महिन्याला ₹१,५००, वर्षाला ₹१८,०००, आणि मुद्दल जिथल्या तिथे. क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम न भरता "किमान देय" तेवढं भरत राहिलात, तर अनेक कार्डांवर दर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जातो. सोन्याच्या दुकानापेक्षा चकचकीत काउंटर असला तरी हिशेब सावकाराचाच. "फ्लॅट १२ टक्के" ही आणखी एक फसगत आहे. ₹१,००,००० दोन वर्षांसाठी फ्लॅट १२ टक्क्यांनी घेतले, तर व्याज ₹२४,००० होतं आणि हप्ता सुमारे ₹५,१६७ बसतो. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज घेताना "रिड्युसिंगवर किती?" एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

व्याज किती जास्त म्हणजे अन्यायाचं, याचं एक माप बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सापडतं. दुष्काळ आणि राजाचा कर यांमुळे लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली होती, मुलं दास म्हणून दिली होती. यहूदाचा राज्यपाल नहेम्या तिथल्या अमीरउमरावांना "शंभरावा हिस्सा" परत करायला लावतो. पुष्कळ अभ्यासक त्याचा अर्थ महिन्याला एक टक्का असा घेतात. म्हणजे नहेम्याला ज्यावर संताप आला तो व्याजदर आजच्या शेकडा तीनच्या एक तृतीयांश होता. आणि तो स्वतःलाही वगळत नाही. मी आणि माझी माणसंही लोकांना उसनं देत आहोत, ही व्याजाची वसुली आपण थांबवू या, असं तो दहाव्या वचनात म्हणतो. मंडळीतलेच कोणी मंडळीतल्यांना व्याजाने पैसे फिरवत असतील, तर हा अध्याय त्यांच्यासमोर वाचण्यासारखा आहे.

आधी कोणाचं फेडायचं

पैशाचे सल्लागार सांगतात: सर्वांत महाग कर्ज आधी. हे बरोबर आहे, पण शास्त्र त्याच्या आधी एक ओळ घालतं. अनुवाद २४:१४-१५ म्हणतं की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. त्यामुळे पहिला नंबर त्यांचा, ज्यांची चूल तुमच्या पैशावर पेटते: कामवाली बाई, रंगारी, सुतार, शेतावरचा मजूर, छोटा दुकानदार. त्यांचं व्याज शून्य असतं, म्हणूनच ते मागे पडतात. त्यांच्यानंतर व्याजाच्या उतरत्या क्रमाने बाकीचे.

एक नमुना घेऊ. घरात महिन्याला ₹३२,००० येतात. किराण्याची उधारी ₹७,०००, बहिणीचे बिनव्याजी ₹१५,०००, सावकाराचे ₹४०,००० शेकडा तीनने, सोनेतारण ₹६०,००० वर्षाला १२ टक्क्यांनी, आणि पतसंस्थेचा हप्ता ₹३,५००. हप्ता आणि सर्व व्याज देऊन झाल्यावर काटकसर करून ₹४,००० बाजूला निघतात असं धरू.

पहिले दोन महिने ₹८,००० मधून किराणा पूर्ण चुकता करा आणि उरलेले ₹१,००० बहिणीच्या हातात ठेवा. रक्कम लहान आहे, पण "विसरलो नाही" हे त्यातून कळतं. तिसऱ्या महिन्यापासून सावकार. त्याला व्याजाचे ₹१,२०० जातच होते, त्यात ₹४,००० मिसळा आणि दर महिन्याला ₹५,२०० ठाम ठेवा. पहिल्या महिन्यात मुद्दल ₹३६,००० वर येतं, पुढच्या महिन्याचं व्याज ₹१,०८० होतं, वाचलेले ₹१२० आपोआप मुद्दलात जातात. नवव्या महिन्यात कर्ज संपतं, शेवटचा हप्ता साडेचार हजारांच्या थोडा वर येतो आणि एकूण व्याज सुमारे ₹६,१६५ पडतं. नुसतं व्याज देत राहिला असतात तर याच नऊ महिन्यांत ₹१०,८०० गेले असते आणि ₹४०,००० तसेच उभे असते. सावकार सुटला की ते ₹५,२०० सोनेतारणाकडे वळवा, मग बहिणीकडे.

इथे चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, व्याज कमी झालं की वाचलेली रक्कम खर्चात जाते. हप्ता घटवायचा नाही. दोन, हातात अजिबात शिल्लक न ठेवता सगळं कर्जात ओतलं जातं, आणि मूल आजारी पडलं की पुन्हा त्याच सावकाराचं दार. म्हणून एका महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम आधी वेगळ्या खात्यात टाका. २ राजे ४ मधल्या विधवेला अलीशा तेल विकून काय करायला सांगतो पाहा: आधी देणं फेड, उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. क्रम स्पष्ट आहे, आणि जगण्यासाठी काही उरलं पाहिजे हेही त्यात आहे.

सावकाराकडे प्रत्येक वेळी पावती मागा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवाना नसेल, कोरे धनादेश किंवा जमिनीची कागदपत्रं अडकवून ठेवली असतील, तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते. अशी तक्रार करणं म्हणजे सूड नव्हे, ख्रिस्ती माणसाने ती करण्यात काही वावगं नाही.

जामीनकी: "होय" म्हणण्याआधी

या विषयावर नीतिसूत्रं सहा ठिकाणी बोलतं: ६:१-५, ११:१५, १७:१८, २०:१६, २२:२६-२७ आणि २७:१३. एवढं वारंवार सांगूनही ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त मोडला जाणारा सल्ला हाच असावा. मंडळीतला भाऊ फॉर्म घेऊन येतो, उपासनेनंतर अंगणातच पेन पुढे करतो, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणतो. ती फॉर्मॅलिटी नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं सांगता येत नाही. पगारदार सोसायटीत तर कर्जदाराचा हप्ता थकला की जामीनदाराच्या पगाराला कात्री लागते. कर्ज बुडालं तर तुमचा सिबिलही (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) घसरतो, आणि स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी ते समोर येतं.

मग कधीच जामीन राहायचं नाही का? शास्त्रात चांगल्या जामिनाचीही उदाहरणं आहेत. यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, स्वतःला जामीन ठेवतो (उत्पत्ति ४३:९) आणि पुढे वेळ येते तेव्हा त्याच्याऐवजी दास व्हायला तयार होतो. प्रेषित पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी फेडीन. दोघांनीही पैसा किंवा जीव आपल्यालाच द्यावा लागेल हे धरून शब्द दिला. नीतिसूत्रं ज्याला बुद्धिहीन म्हणतं, तो आपल्याला द्यावं लागणार नाही या भरवशावर शब्द देतो.

यातून कसोटी निघते. सहीआधी स्वतःला विचारा: ही पूर्ण रक्कम, व्याजासकट, उद्या मलाच भरावी लागली तर मुलांची फी आणि घरखर्च न थांबवता भरता येईल का? भरल्यानंतर या माणसाशी बोलणं सुरू राहील का? आणि बायकोला किंवा नवऱ्याला हे आज सांगता येईल का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तरच पेन उचला. सही करायचीच तर कर्जाची रक्कम, मुदत आणि हप्ता यांचे रकाने भरलेले आहेत ना ते पाहा, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही नाही, पाळकांसाठीही नाही.

नकार द्यायला शब्द लागतात, आणि ते आयत्या वेळी सुचत नाहीत. ते घरी ठरवून ठेवा. "दादा, आम्ही दोघांनी कोणालाच जामीन राहायचं नाही असं ठरवलंय. पण तुमची अडचण खरी आहे, त्यासाठी पाच हजार देतो, ते परत नको." कारणांची यादी देऊ नका. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे उत्तर तयार असतं. "प्रार्थना करून सांगतो" म्हणून आठवडा काढणं हेही भिडेचंच एक रूप, आणि त्यात प्रार्थनेचं नाव फुकट खर्ची पडतं.

सही आधीच झाली असेल तर

नीतिसूत्रे ६:३-५ इथे चकित करण्याइतकं नेमकं आहे: जा, नमून घे, शेजाऱ्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरिणी पारध्याच्या हातून निसटते तसा निसट. म्हणजे स्वाभिमान बाजूला ठेवून ताबडतोब हालचाल करायची. आजच्या भाषेत ती अशी.

या आठवड्यात शाखेत जाऊन कर्जखात्याची स्थिती विचारा. बाकी किती, हप्ते थकले आहेत का, तारण काय आहे, दुसरे जामीनदार कोण, हे लेखी घ्या. पुष्कळ जामीनदारांना पहिली बातमी नोटिशीनेच मिळते आणि तोवर थकबाकीवर दंडाची रक्कम चढलेली असते. नंतर कर्जदाराला एकट्याला भेटा. मत्तय १८:१५ चा क्रम इथे जशाच्या तसा चालतो: आधी दोघांतच, ऐकलं नाही तर एकदोन जण बरोबर, मग मंडळी. फेसबुकवर किंवा मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर नाही.

त्याच्यापुढे तीन मार्ग ठेवा. दुसरा जामीनदार देऊन तुम्हाला मोकळं करणं, तारण वाढवणं, किंवा काही विकून कर्ज कमी करणं. पहिल्या मार्गाला संस्थेची संमती लागते. तुम्ही एकतर्फी पत्र लिहून मुदतीच्या कर्जातून बाहेर पडू शकत नाही. मात्र कॅश क्रेडिटसारख्या चालत्या खात्याला जामीन असाल, तर पुढच्या व्यवहारांपुरती जामीनकी मागे घेण्याची नोटीस देता येते (कलम १३०). करारात त्याविरुद्ध काही लिहिलं आहे का ते वकिलाकडून वाचून घ्या.

भरायची वेळ आलीच तर प्रत्येक रुपया बँकेतून भरा, रोख कर्जदाराच्या हातात देऊ नका, आणि पावत्या जपून ठेवा. पूर्ण फेडल्यावर धनकोचे हक्क जामीनदाराकडे येतात (कलम १४०), तारणावरही. कोर्टात जावं का, हा प्रश्न मग उभा राहतो. १ करिंथ ६ मध्ये भावाने भावाला न्यायसभेत खेचण्यावरून पौल करिंथकरांना लाज आणतो आणि विचारतो, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही का? म्हणून आधी मंडळीतले हिशेब कळणारे दोघे बसवा, त्यांच्यासमोर परतफेडीचं वेळापत्रक लिहून घ्या. या वचनाचा आधार घेऊन बुडवणारा मोकळा सुटावा, असा मात्र त्याचा अर्थ नाही. त्याच अध्यायात पौल लुबाडणाऱ्या भावालाही सुनावतो.

उसने देताना

देणं आणि उसनं देणं यांतलं नेमकं काय करतो आहोत, हे पैसे हातातून सुटण्याआधी ठरवा. लेवीय २५:३५-३७ प्रमाणे गरजेत असलेल्या भावाकडून व्याज घ्यायचं नाही. लूक ६:३५ परत मिळण्याची आशा न धरता द्यायला सांगतो. तेव्हा गेली तरी चालेल एवढीच रक्कम द्या. पन्नास हजार मागितले आणि तुमची ऐपत आठ हजारांची असेल तर आठ द्या. धंद्यासाठी मागत असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे दोन ओळींचा कागद करा, तारीख घाला, पैसे खात्यातून पाठवा. भावाभावांत कागद कशाला, असं म्हणणारे नंतर आकड्यावरूनच भांडतात.

आणि असेल तर लांबवू नका. "जा, उद्या ये" म्हणू नकोस, असं नीतिसूत्रे ३:२८ बजावतं.

दशांश आणि दान

कर्ज असताना दशांश द्यावा का? मंडळ्यांची मतं वेगळी आहेत आणि ती राहोत. पण काही गोष्टींवर शास्त्र पुरेसं स्पष्ट आहे. २ करिंथ ८:१२ प्रमाणे दान असेल त्या मानाने मान्य होतं, नसेल त्या मानाने नव्हे. म्हणून दान देण्यासाठी कर्ज काढू नका, क्रेडिट कार्डावर तर नाहीच. मार्क ७ मध्ये आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाच्या नावे करणाऱ्यांना येशू झापतो. त्यामुळे आईच्या औषधाचे किंवा बाईंच्या पगाराचे पैसे थकवून टाकलेलं पाकीट थैलीत पडतं, पण कुणाच्या तरी हक्काचं असतं.

आमचं मत असं: मजुरी आणि घरच्या माणसांचं भागवल्यावर, कर्जफेड चालू असतानाही दान पूर्ण बंद करू नये, प्रमाण कमी करावं. दहावा हिस्सा ₹३,२०० होतो आणि तो परवडत नसेल तर सावकार फिटेपर्यंत ₹८०० ठरवा. पण ते पहिल्या दिवशी काढून ठेवा. १ करिंथ १६:२ मध्ये पौल आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला ठेवायला सांगतो, शेवटी उरेल ते नाही. पगार महिन्याचा असेल तर चार पाकिटं एकदम भरा.

अनुवाद १४:२२-२९ वाचलेलं नसेल तर वाचा. तिथे दशांशाचा एक भाग कुटुंबाने देवासमोर आनंदाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षाचा लेवी (मंदिराची सेवा करणारा, ज्याला वतनाची जमीन नव्हती), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे. म्हणजे शेजारची विधवा ही दशांशाच्या बाहेरची गोष्ट नाही.

मलाखी ३:१० (दशांश भांडारात आणा, मी आशीर्वाद ओतीन) सांगून "एक हजार पेरा, दहा हजार येतील" म्हणणाऱ्या वक्त्याला पैसे देऊ नका. मंडळीत पावती मागायलाही लाजू नका. पौलाने वर्गणी नेताना आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून बरोबर माणसं घेतली होती (२ करिंथ ८:२०-२१). कापणीच्या सणाच्या लिलावात पेरूला दोन हजार बोलायचे असतील तर खिशात असतील तेवढेच बोला. नवस करून न फेडण्यापेक्षा नवस न केलेला बरा, हे उपदेशक ५:५ मध्ये आहे.

नाताळ आणि लग्नाबद्दल लूक १४:२८ पुरे: बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोज. नाताळला ₹१२,००० लागत असतील तर फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दरमहा ₹१,२०० वेगळे टाका.

हप्ता जमणारच नसेल

स्तोत्र ३७:२१ उसनं घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जन म्हणतं, आणि या वचनाच्या धाकाने माणसं फोन उचलायची बंद होतात. नेमकं उलट करायला हवं. मत्तय ५:२५ मध्ये वाटेत आहेस तोवरच वादीशी समेट कर असं आहे, म्हणजे तारखेच्या आधी. हप्त्याच्या आठवडाभर आधी शाखेत जा, पगाराची पावती, दवाखान्याची बिलं बरोबर ठेवा आणि किती भरू शकता तो आकडा स्वतः सांगा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. एकरकमी तडजोड मिळत असेल तर ती लेखी पत्राशिवाय स्वीकारू नका, आणि भरल्यावर "नो ड्यूज" दाखला, मूळ कागद आणि कोरे धनादेश परत घ्या. तडजोडीने बंद झालेलं खाते सिबिलमध्ये "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढच्या कर्जाला ते आडवं येतं. पूर्ण रक्कम भरणं शक्य असेल तर थोडं ताणून तीच भरा.